तांबडी, शहाणी आणि चौदा पंप

ताई,

तुझ्या धाकट्या (आणि तुझ्या मते अजून अक्कल न आलेल्या) भावाचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? दाजींची शुगर आटोक्यात आहे ना? मागच्या खेपेस तू फोनवर डाव्या गुडघ्याचं सगळं सांगितलंस आणि उजव्याचं सुरू करणार तेवढ्यात मी फोन ठेवला, अशी तुझी तक्रार तुझ्या भावजयीकडून कळली. तसं नाही गं. मी तेव्हा पेट्रोल पंपावर उभा होतो, तिथे फोनवर बोलायला मनाई असते, आणि मी सरकारी माणूस. मीच नियम मोडला तर लोकांनी कुणाकडे बघायचं? तरी उजव्याचं आता पत्राने कळव. सावकाश वाचीन. आम्ही इकडे मजेत आहोत, म्हणजे तब्येतीने. बाकी विचारशील तर या महिनाअखेर माझी बदली व्हायची आहे, तीही डोंगरापलीकडच्या त्या एकखांबी ऑफिसात, जिथे आमच्या खात्यातला माणूस गेला की पुन्हा त्याचं नाव कुणी काढत नाही. आणि या बदलीचं कारण तू आहेस. रागावू नकोस, आधी पुढे वाच.

आठ महिन्यांपूर्वी तू चार दिवस आमच्याकडे आली होतीस, आठवतंय? आल्या आल्या तुला आमच्या तांबडीच्या इंजिनाचा आवाज ऐकू आला. (तो पलीकडच्या गल्लीतल्यांनाही ऐकू यायचा, पण त्यांनी कधी कागद-पेन्सिल मागितली नाही.) तू चहासुद्धा न घेता माझ्यापुढे बसलीस आणि विचारलंस, लिटरला किती जाते? मी म्हणालो, रस्त्यावर अवलंबून आहे. तू म्हणालीस, आकडा सांग. मी म्हणालो, सात. त्यानंतर तू जी बोलायला लागलीस, ती चार दिवस बोलतच होतीस. पगाराचा पाचवा हिस्सा धुरात जातो, बायको जुने पडदे उलटे करून लावते, आणि हा बाबा दाताच्या डॉक्टरची जुनी, जमिनीला पोट टेकणारी गाडी उडवत फिरतो! ती घेतलीस तरी कशाला, असं तू विचारलंस तेव्हा मी 'स्वस्तात मिळाली' असं सांगून वेळ मारून नेली. आता खरं सांगतो. मला ती आवडली होती. दिवसभर तराजू, वजनं आणि मापं तपासून संध्याकाळी घरी येणाऱ्या, चाळिशी उलटलेल्या माणसाला एखादी वस्तू नुसतीच आवडू शकते, हे तुझ्या गळी उतरवण्यापेक्षा गाडी विकणं सोपं होतं, म्हणून मी विकली. दाजींनी मोठ्या मनाने ती घेतली. 'घरातल्या घरात राहील' म्हणाले. चेहऱ्यावर माझ्याबद्दल फार वाईट वाटल्याचा भाव होता, पण किल्ली त्यांनी माझ्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतली, तेही मी पाहिलं.

मग तुझ्या पसंतीने शहाणी आली. (हे नाव तुझ्या भावजयीने ठेवलं. माझ्याकडे बघत ठेवलं.) रंग धुतलेल्या बटाट्याचा, आवाज मुळीच नाही, लिटरला चोवीस. तिच्यात बसलं की आपण गाडी चालवतो आहोत असं वाटतच नाही, पोस्टाच्या रांगेत उभे आहोत असं वाटतं. पण बोलायचं म्हणून बोलतो, तिच्यात खोट काढायला जागा नाही. ऑफिस सोडून तिच्यातून कुठे जावंसंच वाटेना, त्यामुळे पहिल्या महिन्यात मी फक्त एकदा पेट्रोल भरलं. दुसऱ्या महिन्यातही एकदाच. घरात नवे पडदे आले, फिकट निळे, आणि ते लावताना ही गुणगुणत होती. मी मनात म्हटलं, ताईचं बोलणं कडू असतं पण खोटं नसतं.

आता माझं काम काय आहे ते तुला पुन्हा सांगतो, कारण तू सगळीकडे 'तो तराजूत काहीतरी असतो' असं सांगतेस. मी वजनमापांचा निरीक्षक आहे. दुकानातली वजनं बरोबर आहेत का, मापं बरोबर आहेत का, आणि माझ्या हद्दीतले चौदा पेट्रोल पंप एक लिटर म्हणून एक लिटरच देतात का, हे बघायचं. पंपाची रीतसर तपासणी वर्षातून एकदा. पाच लिटरचं पितळी माप घेऊन जायचं, नळी त्यात सोडायची, रेघेपर्यंत भरतं का बघायचं, सील लावायचं, सही करायची. ही तपासणी कधी आहे हे माझ्याआधी पंपवाल्यांना कळतं. कसं कळतं ते मी बारा वर्षांत शोधून काढू शकलो नाही. आणि तरीही, ताई, सलग तीन वर्षं माझ्या हद्दीतून कमी पेट्रोल दिल्याची एकसुद्धा तक्रार आली नाही. सगळ्या खात्यात अशी हद्द दुसरी नाही. साहेबांनी भर सभेत माझा हात हातात घेतला, मला प्रशस्तिपत्र दिलं. ते बैठकीत लावलंय, तू पाहिलंस. (तू त्याच्या काचेवरची धूळ बोटाने पुसून मला दाखवलीस.) मला वाटायचं, आपल्या कामाचा वचक आहे.

तांबडी गेली आणि तिसऱ्या महिन्यात तीन तक्रारी आल्या. चौथ्यात नऊ. पाचव्यात सतरा. साहेबांनी बोलावून घेतलं, बसा म्हणाले नाहीत. मला काही सुधरेना. वजनं तीच, मापं तीच, मीही तोच. असा डोक्याला हात लावून एका संध्याकाळी मी शहाणी घेऊन त्या मिशीवाल्या मालकांच्या पंपावर गेलो. दहा लिटर सांगितलं. नळीवाल्याने मागच्या बाजूने विचारलं, चाकात हवा बघायची का? मी चाकाकडे बघितलं. पुन्हा वळलो तर आकडा पळत होता, पण शून्यापासून निघाला होता की नाही, ते देव जाणे. ताई, मी! वजनमापांचा निरीक्षक! मला टोपी घातली! मी खाली उतरलो. त्याने माझं तोंड पाहिलं आणि त्याच्या हातातली नळी गळायला लागली. 'साहेब तुम्ही? आणि गाडी कुठाय?' एवढंच तो बोलला.

मिशीवाले आतून धावत आले, खुर्ची दिली, चहा मागवला, आणि घाबरलेला माणूस नको ते बोलून जातो तसं सगळं बोलून गेले. म्हणाले, साहेब, आम्हाला वाटलं तुमची बदली झाली. आधी आठवड्यातून तीनदा तुमची धाड असायची, कधी या पंपावर तर कधी त्या, आज कुठे येतील याचा नेम नाही. दोन गल्ल्या अलीकडे आवाज आला की आमची पोरं सरळ उभी राहायची. ऊन असो, पाऊस असो, चौदाच्या चौदा पंपांवर माप अगदी काटेकोर. आता पाच महिन्यांत तुमचं दर्शन नाही, मग पोरांचा हात जरा सैल सुटतो, काय करणार? माझ्या हातातला चहा निवाला. धाड कसली गं! लिटरला सात जाणाऱ्या गाडीची टाकी दर दोन दिवसांनी रिकामी व्हायची. रोज एकाच पंपावर गेलं तर तिथली माणसं हसतील, या लाजेने मी पंप बदलत होतो. चौदा पंपांवर फिरत होतो तो तोंड लपवत, आणि ते समजत होते मी पाळत ठेवतोय. बैठकीतलं ते प्रशस्तिपत्र माझं नाहीच. ते तांबडीचं आहे, ती तीन वर्षं तिचीच. त्या दिवशी घरी येऊन मी ते काढून ठेवणार होतो, पण मागे भिंतीचा रंग वेगळा पडलाय, म्हणून राहू दिलं. (मिशीवाल्यांची नळी बंद करून तिला सील ठोकून आलो, हे सांगायचं राहिलं. चहाही अर्धाच प्यालो.)

आता तू म्हणशील, त्यात काय, शहाणी घेऊन जा की पंपावर रोज. तेच केलं. दीड महिना केलं. पण पेट्रोल भरायचं तर टाकीत जागा पाहिजे, आणि शहाणीची टाकी रिकामी होता होत नाही! मी ऑफिसला जातो, येतो, काटा जागचा हलत नाही. एका पंपावर दोन लिटर सांगितलं तर दीडावरच भरून वर आलं आणि माझ्या बुटात गेलं. दिवसभर ऑफिसात कुणी माझ्याजवळ काडी ओढली नाही. मग मी पेट्रोल संपवायला निघालो. रोज संध्याकाळी, आणि रविवारी दिवसभर. शहराबाहेरच्या रस्त्याला पंधरा-पंधरा फेऱ्या मारल्या. नुसतं फिरण्यापेक्षा कुणाचं काम तरी होऊ दे म्हणून शेजारच्या रिटायर हेडबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी ही बातमी जिन्यात सांगितली. दुसऱ्या दिवशी दाराशी रांग. खालच्या शिंप्याचं मशीन दुरुस्तीला नेलं, वरच्यांच्या मावशींना स्टेशनवर सोडलं, हेडबाईंना त्याच डॉक्टरकडे पुन्हा नेलं, कारण चष्मा तिथेच विसरला होता. कुणी म्हणून 'पेट्रोलचं काय?' असं विचारलं नाही. ही गाडी काही खातच नाही, असं सगळ्यांना पाठ! तांबडीत बसायला एक माणूस यायचा नाही. हेडबाई तर तिला बघून पदर सावरून पलीकडच्या बाजूने जायच्या. तुझी भावजय म्हणाली, पेट्रोल संपवायला पेट्रोल जाळणारा माणूस मी जन्मात पाहिला नव्हता. महिनाअखेर बघतो तर शहाणीला तांबडीएवढंच पेट्रोल लागलेलं, वर माझे रविवार गेले, कंबर गेली आणि बूट गेले. तुझी पेन्सिल कुठे चुकली ते तूच शोध, मला सापडलं नाही.

आणि एवढं करून काय? बटाट्याच्या रंगाची गाडी, शहरात तशा हजार. मी उतरेपर्यंत पंपावर कुणी ओळखत नाही, आणि उतरून सांगतो काय, तर एक लिटर. या महिन्यात आजवर अकरा तक्रारी आहेत. साहेबांनी स्वच्छ सांगितलं, उरलेल्या दिवसांत आणखी पाचाच्या वर आल्या तर महिनाअखेर बदलीचा कागद निघेल. मला फार लागलंय हे, ताई. बारा वर्षं मान वर करून चाललो. आता जाईन तर शिक्षा म्हणून जाईन, आणि मागे माझ्या जागी येणारा म्हणेल, याच्या हद्दीत काय गोंधळ होता! हिची शिवणाची गिऱ्हाइकं इथे, हिला हे अजून धड सांगितलेलंही नाही. असो. गुडघ्यांना जप, जिने कमी चढ. दाजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. : हे सगळं तुला मन मोकळं करायला लिहिलं, दुसरा हेतू नाही. फक्त एक. दाजींना सांगून तांबडी पंधरा दिवसांसाठी पाठवतेस का? चौदा पंप, रोज एकावर अर्धी टाकी, बसतं सगळं नीट. नुसता आवाज गेला तरी पुरे.

ता. क. २ : दाजी भिडेखातर टाकी फुल्ल करून पाठवतील. करू देऊ नकोस. मला रिकामीच हवी आहे.

ता. क. ३ : वाचून झाल्यावर हे फाडून टाक, आणि हिला यातलं काही बोलू नकोस. पत्र पेटीत टाकायला तिच्याकडेच देतोय, पण तिला सांगितलंय, ताईच्या गुडघ्यांची चौकशी केली आहे.

वन्सं, खालच्या ओळी माझ्या आहेत. गुडघ्यांच्या चौकशीला यांनी आठ पानं लिहिलेली पाहून मला काळजी वाटली, म्हणून उघडलं. गाडी पाठवू नका. परवा फोनवर तुम्ही म्हणालात की दाजी दर दोन दिवसांनी टाकी भरून येतात आणि विचारलं की रस्त्यावर अवलंबून आहे म्हणतात, ते मी यांना सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. शहाणी तुम्हाला हवी असेल तर बघा, आम्हाला आता लागणार नाही. गुरुवारी साहेबांचा घरी फोन आला होता. हे पेट्रोल संपवायला गेले होते. साहेब म्हणाले, माणूस चांगला आहे, घरच्यांची अडचण असेल तर एका शब्दावर बदली थांबवतो. मी म्हटलं, आमची काही अडचण नाही. त्या गावात पंप एकच आहे, ऑफिसच्या समोर, खिडकीतून दिसतो असं साहेबच म्हणाले. चालत जातील, माप घेतील, जेवायला घरी येतील. शिवण काय, मी कुठेही करीन. यांना रविवारी सांगेन. रविवारी हे एकटेच निघतात, या वेळी मी शेजारी बसणार आहे.