सुनांच्या रांगेतला वरवंटा

४ एप्रिल
कावासाकी शहरातल्या काडेपेटीएवढ्या फ्लॅटमधून सुटलो एकदाचे. नेत्राला इथे, जपानच्या किनाऱ्यावरच्या या गावात, वाळूतल्या शेतीवर संशोधनाचं काम मिळालं. मला, तिच्या नवऱ्याला, पुण्याच्या साप्ताहिकाचं विनोदी सदर लिहायला परसाचं घर आणि समुद्रापर्यंत वाळूच्या टेकड्या मिळाल्या. सामान नेत्रानेच आत आणलं. माझी पाठ नाजूक आहे.

६ एप्रिल
शेजारच्या वृद्ध मोरी-सान, म्हणजे आपल्याकडच्या मोरीबाई, भेटायला आल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर आलेल्या शूर पुरुषांनी वाळूत मळे उभे केले, असं गावच्या फलकावर आहे. मोरी-सानचं म्हणणं, मळे सुनांनी उभे केले. दिवसभर कावडीने पाणी वाहायचं, वाळूने ते पिऊन टाकायचं, बाईने पुन्हा विहिरीवर जायचं. वाटेतच जीव गेलेल्या सुनांच्या आठवणीचे गोल दगड आमच्या परसात रांगेने आहेत. सकाळी घरातलं पहिलं पाणी त्यांना घालायचं. मी मान डोलावली. इथे तेवढ्यावर भागतं.

९ एप्रिल
वरवंटा कावासाकीतच राहिला. रांगेतला शेवटचा दगड हातात काय फक्कड बसतो. लसणाची चटणी झकास झाली. नेत्रा म्हणाली, वाळू कचकचतेय. मी म्हणालो, संशोधनाचा नमुना घरपोच. सदरात घालतो हे.

१५ एप्रिल
दगडांना पाणी घालायचं रोज राहतं. नेत्रा मात्र उजाडताच बादल्या घेऊन टेकडीपलीकडे जाते. म्हणते, पाणी कुणीतरी आणायला हवं ना. नळाला तर धो धो पाणी आहे. प्रयोगाचं काही असेल. आल्यावर ती मला चहा देते, म्हणून जास्त विचारलं नाही.

१९ एप्रिल
नेत्राच्या खांद्यावर रुंद, काळानिळा वळ. मोरी-साननी रांग पाहिली आणि हळूच विचारलं, शेवटची कुठे गेली. माहीत नाही म्हणालो. दगड तेव्हा ओट्यावर होता, चटणीने लाल. त्या म्हणाल्या, एक उठली की तिची खेप घरातल्या सुनेवर येते.

२० एप्रिल
दगड धुऊन परत नेला. जागा नाही. तिथे नवा दगड — ओला — अंगासारखा कोमट. मोरी-सानपाशी सगळं कबूल केलं. ज्याने उचलला त्याने कावड घ्यावी, म्हणाल्या. नवा दगड घरातल्या सुनेचा, तो गार पडायच्या आत. मी पाठीचं सांगितलं.

२१ एप्रिल
परसात बसलोय. आज कावड घेणारच. दगड अजून — जेमतेम कोमट. नेत्रा आली. तोंडावर वाळू, डोळ्यांत ओळख नाही. कावड उतरवली — आता उठायचं, खांदा द्यायचा, एवढंच —
ती विचारतेय, आधी चहा ठेवू का.
आणि मी, नेहमीसारखा, हो म्ह—