मुग्धाने नदीत टाकलेलं नाणं

बुधवार, संध्याकाळ

आधी आली शेजारची सुमन. पाहुणे येणार हे हिला कसं कळतं देव जाणे. मागून माझ्या बहिणीची नात मुग्धा. इथे आखातातच द पर्ल नावाच्या बेटावर राहते, नोकरी करते, आणि सुट्टीत थायलंडहून लाओसला गेली ती चक्क अनोळखी ट्रकवाल्याला हात करून! मध्ये ही भली मोठी नदी. पुलाच्या अलीकडे एक देश, पलीकडे दुसरा.

पुलावर पोरीने खिडकीतून नाणं टाकलं. नदी ओलांडताना टाकायचं, हे मीच शिकवलेलं. पलीकडे पोलिसाने ट्रक थांबवला, पासपोर्टच घेतला. काय फेकलंस, असं खुणेने विचारायला लागला.

सुमन म्हणाली, "बघा काकू, तुमच्या शिकवणीने पोर आत जात होती!"

भाषा येईना, म्हणून मुग्धाने नदीकडे वळून हात जोडले. आणि काय सांगू, पोलिसानेही जोडले! पासपोर्ट परत दिला. तिथेही नदीला आईच म्हणतात म्हणे. मी चौथी शिकलेली बाई, मला वाटायचं ही आपलीच रीत. अजून अंगावर काटा येतोय.

पुढच्या नदीत माझ्या नावाचं टाक म्हटलं. डब्यातलं रुपयाचं नाणं काढून ठेवलंय. ते न्यायला शुक्रवारी येते म्हणाली, इन्शाल्ला.