राणीची डावी बाजू

कारानिस, मिसर देश, हाथूर महिन्याची चौदावी

चिरंजीव पेतेसूख,

बापाचा आशीर्वाद. देव सेरापिसापुढे रोज तुझ्यासाठी हात जोडतो. माझी तब्येत ठीक आहे. पेरण्या झाल्या. खजूर यंदा बरे उतरले. एक टोपली नावाड्याबरोबर पाठवली आहे.

कैसराच्या राणीचं सोन्याचं नाणं तू बहिणीला, तायसिसला पाठवलंस, ते तिला फार आवडलं. सोनाराकडून कडी लावून तिनं ते गळ्यात घातलं. मग राणीसारख्या वेण्या घालायचं वेड घेतलं. शेजारची तासूख नाणं समोर धरून तिचे केस विंचरायची. पण नाण्यावर राणीची उजवी बाजूच दिसते. डावीकडे काय करायचं?

"तिकडून टक्कल असेल बाईला," तासूख म्हणाली. "म्हणून तर तोंड फिरवून बसलीय!"

तायसिस इतकी हसली की घातलेली वेणी सुटली. डावीकडे ती पदर घ्यायची.

काल चित्रकार मारोन लाकडी पाटी घेऊन आला. चेहरा समोरून रंगवायचा, तेव्हा दोन्ही बाजू लागतात. "डावीकडे पदरच काढतो, काका. कुणाला कळतंय?" मी नको म्हटलं.

हे पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं. गेल्या महिन्याच्या विसाव्या दिवशी तायसिस तापानं गेली. तिचा देह लेप लावून कापडात गुंडाळला की ती पाटी तिच्या चेहऱ्यावर बसवायची आहे.

आणखी एक. उन्हाळ्यात मी तुला पत्र लिहीत होतो, तेव्हा ती म्हणाली, "बाबा, दादाच्या छावणीजवळ राणीचा पुतळा आहे ना? डावीकडून केस कसे आहेत, बघून कळव म्हणावं." मी म्हटलं, जागा संपली. खाली चार बोटं कोरी होती. असल्या गोष्टीसाठी शाई घालवणं मला पटेना. पुढच्या पत्राच्या वेळी तिनं विचारलं, "लिहिलंत?" मी हो म्हटलं.

मग नाव आली की ती घाटावर जायची. "दादा पहाऱ्यावर असतो, विसरला असेल," म्हणायची.

मारोन वीस दिवस थांबतो म्हणाला आहे. पुतळ्याच्या डावीकडे उभा राहून नीट बघ. वेण्या किती, कुठून वळवल्यात, कान झाकलाय का, सगळं लिही.

तू विसरला नव्हतास, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. तुझं पत्र आलं की तिच्यापाशी बसून वाचीन, तेव्हा सांगेन.

तुला न विचारणारा,
तुझा बाप हार्पाएसिस