गोलात सह्या

दि. १२ ऑक्टोबर २०२५, रविवार
मुकुंदवाडी

प्रिय मोने,

सप्रेम जय भीम.

मामाच्या गावाला तुला करमत नसणार हे मला ठाऊक आहे, तरी विचारते, बरी आहेस ना? जेवतेस ना वेळेवर? इकडं आईचे गुडघे दुखायचे काही थांबत नायत. तुमच्या गल्लीत नवा नळ आला म्हणून दोन दिवस भांडणं बंद होती, परवापासून परत जोरात सुरू झाली.

तुझा फोन तुझ्या बापानं, कडुबाकाकांनी, काढून घेतला असं केसरकाकूनं सांगितलं, म्हणून हे पत्र. काकू उद्या सकाळच्या एसटीनं तुला न्यायला तिकडं येतेय, तिच्या पिशवीत टाकते. काकूला, तुझ्या आईला, वाचता येत नाय हे आज मला बरं वाटलं. असं वाटलं म्हणून माझी मलाच लाज वाटली.

काल काकू घरी आली होती. म्हणाली, "सोने, गुरुवारी कामगार ऑफिसात शेवटची तारीख हाय. मोनालीला कामावर परत घेतलं तर तिचा बाप पावण्यांना नाय म्हणणार हाय. नायतर दिवाळी झाली की लगीन. साक्ष द्यायला एकबी पोरगी तयार नाय गं. तू येशील ना?" तो पाहुणा तुझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा आहे म्हणे. मुक्त विद्यापीठाची तुझी पुस्तकं काकूनं पत्र्याच्या पेटीत घालून ठेवलीत. "तू हायेस म्हणून धीर हाय," म्हणाली आणि माझा हात सोडंना. मी म्हणाले, येते.

पुढचं बरंचसं तुला ठाऊकच आहे, तरी मी पहिल्यापासून लिहितेय, कारण हे पत्र एकट्या तुझ्यासाठी नाय. का ते शेवटी कळंल.

चितेगावला आपण पॅकिंगला लागलो तेव्हा कंपनीत लेडीज संडासाला कुलूप असायचं आणि किल्ली सखाराम सुपरवायझरकडं. पाळी आलेल्या पोरीनंही त्या बाप्याकडं जाऊन किल्ली मागायची. तो घड्याळ बघायचा आणि सगळ्यांदेखत म्हणायचा, "आत्ताच तर गेली होतीस." एक पोरगी पाणीच प्यायची नाय दिवसभर, मशीनवर चक्कर येऊन पडली. त्या दिवशी तू म्हणालीस, बास झालं, अर्ज करू. अक्षर तुझं, शब्द तुझे. सह्या गोलात घ्यायच्या हे डोकंही तुझंच. डब्याचं झाकण ठेवून कागदावर गोल काढलास आणि आपण बावीस जणींनी त्या गोलाच्या कडेनं सह्या केल्या. कुणाची पहिली नाय, कुणाची शेवटची नाय. "आता शोधा म्हणावं पुढारी कोण ते," म्हणून तू हसली होतीस. लई हुशार गं तू.

आणि मी काय केलं? द्वारकाताईंच्या रविवारच्या नेतृत्व वर्गातून ऑगस्टमध्ये मला बक्षिसाची ढाल मिळाली. ताई आपल्याला नेहमी सांगायच्या, स्टेजवर जी एकटीचंच घोडं दामटते ती कसली पुढारी, सोबतिणीचं नाव घ्यायला शिका. मी शिकले. माइक हातात धरला आणि सांगितलं की संडासाच्या कुलपाचा तो अर्ज माझा नाय, मोनाली मगरेचा आहे, सह्या गोलात घ्यायची युक्तीही तिची, ही ढाल अर्धी तिची. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वर्गाला कंपनी पैसे देते म्हणून कंपनीचे साहेब पहिल्या रांगेत बसले होते. त्यांनीही वाजवल्या. मग निमंत्रणपत्रिकेच्या मागं त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. चौथ्या रांगेत तू दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतंस. मला वाटलं, लाजली येडी.

आठ दिवसांनी गेटवर तुझा पास बंद झाला.

इथपर्यंत तुला माहीत आहे आणि तू मला माफही केलंस. "तुला काय माहीत बाई, तू चांगलंच बोललीस," म्हणालीस, उलट माझेच डोळे पुसलेस. मोने, तू मला भलत्याच गोष्टीची माफी दिलीस. खरी गोष्ट त्याच्यानंतरची आहे. ती मी तुलाच काय, कुणालाच सांगितली नव्हती.

तुला काढल्यावर तिसऱ्या दिवशी, म्हणजे २८ ऑगस्टला, साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. खुर्ची दिली, चहा मागवला. समोर एक टाइप केलेला कागद ठेवला. मोनाली मगरे हिने मुलींना धमकावून सह्या घेतल्या, कुलपाची तक्रार खोटी आहे, असं त्यात होतं. वाचल्याबिगर सही करायची नाय हे आपल्याला वर्गात शिकवलंय. मी दोनदा वाचलं. मग सही केली.

कुणी दम दिला नाय. साहेब एवढंच म्हणाले की लाइन लीडरची जागा रिकामी आहे, आणि मुकुंदवाडीचा वर्ग चालू राहावा असं आम्हालाही वाटतं. मी भ्याले असं लिहिलं तर तुला माझी कीव येईल. भ्याले, व्हय. पण मला ती लीडरची हिरवी टोपीही पाहिजे होती. त्या दिवशी मी घरी पेढे घेऊन गेले. तुमच्याकडं पण दिले. काकूनं खाल्ला.

अजून एक आहे, तेही लिहूनच टाकते. संडासाची किल्ली आता माझ्याकडं असते. गेल्या मंगळवारी नवी पोरगी मागायला आली, तर माझ्या तोंडून निघालं, "आत्ताच तर गेली होतीस." ती खाली मान घालून परत गेली. मी तिला हाकसुद्धा मारली नाय.

काल काकू गेल्यावर मी द्वारकाताईंकडं गेले आणि सगळं ओकले. ताई म्हणाल्या, "सोनिया, वर्गात आज चाळीस पोरी आहेत. कंपनीनं हात काढून घेतला तर मी त्यांना कुठं नेऊ? वीस वर्षं घातलीत गं मी यात." बोलता बोलता त्यांनाच रडू फुटलं. "तुला जा पण म्हणणार नाय, जाऊ नको पण म्हणणार नाय," म्हणाल्या. मला त्यांचा राग आला, लई आला. नुसतं एकदा जा म्हणायला काय झालं होतं त्यांना? पण वाटेत कळलं, मला त्यांच्याकडून 'जाऊ नको' ऐकायचं होतं.

गुरुवारी साडेदहाला मी ऑफिसच्या दारात येते, असं काकूला सांगितलंय. तुलाही सांगते, येते. पण तू माझ्यावर भरवसा ठेवू नको. बुधवारी साहेबांनी परत बोलावलं तर मी काय करीन, हे मला आज छातीवर हात ठेवून सांगता येत नाय. मी मला बघितलंय. म्हणून आज अंगात धीर आहे तोवर लिहून देतेय. राग येईल, मला शिव्या दे, पण हा कागद फाडू नको. मी दिसले नाय तर हाच कामगार ऑफिसातल्या साहेबांच्या टेबलावर ठेव.

मी लिहून देते की कंपनीत लेडीज संडासाला कुलूप होतं. बावीस मुलींनी आपापल्या मनानं सह्या केल्या. मोनाली कडुबा मगरे हिनं कुणालाही धमकावलं नाय. २८ ऑगस्टला मी सही केलेला कागद खोटा आहे, आणि तो खोटा आहे हे मला सही करतानाच माहीत होतं.

खाली 'तुझी' लिहायला हात धजत नाय, म्हणून नुसतं नाव लिहिते.

सोनिया पुंडलिक हिवराळे
लाइन लीडर, टोकन नंबर ३१७