ज्याअर्थी आणि त्याअर्थी

कुंडल,
३ फेब्रुवारी २०२५

ती. विजूअक्कास लालासाहेबाचा दंडवत.

आम्ही सगळे खुशाल. तुझ्या गुडघ्यांचं कळव. फोनवर आपण दोघं एकदमच बोलतो आणि कुणाचंच ऐकू येत नाही, म्हणून फौजेतल्या सवयीने पत्रच लिहितो.

सोबत हक्कसोडपत्राचा मसुदा आहे. आबांच्या जमिनीवरचं तुझं नाव कमी झालं की विहिरीजवळचा तुकडा आमच्या पोराच्या, शिवतेजच्या नावावर करून त्याला द्राक्षबाग लावून द्यायची आहे. पंचवीस तारखेला पलूसला सहीला ये. दीपमालाने रीतीप्रमाणे साडीचोळी आणून ठेवली आहे. इरकल आहे, पण नणंदबाई नाक मुरडतील, अशी तिला धास्ती.

मसुद्याचं पहिलं पान नुसती प्रस्तावना आहे. ते वाचलं नाहीस तरी चालेल, काम दुसऱ्या पानावर आहे.

लोभ आहेच, सहीपुरता वाढव.

तुझा,
लालासाहेब


सातारा,
८ फेब्रुवारी

चि. लालासाहेबास अक्काचे आशीर्वाद.

गुडघे जिन्यावर भांडतात, सपाटीला गप्प असतात. तू वाचू नको म्हणालास तेच पान आधी वाचलं. हे गेल्यापासून घरात दुसरा आवाज नाही, म्हणून हाताला लागेल ते मी मोठ्याने वाचते. तुझा मसुदाही मोठ्याने वाचला आणि मध्येच थांबले.

त्यात लिहिलंय की ज्याअर्थी आबांच्या शेवटच्या दुखण्यात त्यांची सगळी सेवा तू केलीस, ज्याअर्थी जमीन तू एकट्याने सुधारलीस आणि ज्याअर्थी माझा वाटा मला लग्नातच पोचला, त्याअर्थी मी राजीखुशीने हक्क सोडते.

लाला, आबा अंथरुणाला खिळले तेव्हा तू जम्मूला होतास. त्यात तुझा दोष नाही, नोकरी होती. पण त्यांचं हागणंमुतणं मी काढलं. त्याच्याही आधी विहीर ह्यांनी उभं राहून खोदून घेतली. सुट्टी मिळाली की साताऱ्याहून एसटीने यायचे, सुरुंगाच्या धुळीत दिवसभर खोकायचे आणि आबांनी बस म्हटलं तरी बसायचे नाहीत. त्या माणसाचं नाव तुझ्या पानावर कुठेच नाही.

सही मी करते. जमिनीसाठी माझं अडलेलं नाही. पण हे पान माझ्या तोंडून बोलतंय आणि खोटं बोलतंय. तेवढं दुरुस्त करून पाठव.

दीपमालाला सांग, इरकल मला आवडते. लोभ कर, म्हणजे मलाही करता येईल.

अक्का


कुंडल,
१४ फेब्रुवारी

ती. अक्कास दंडवत.

तुझं पत्र दस्त लिहिणाऱ्या गुंडाभाऊला दाखवलं. तो हसला. म्हणाला, सगळ्या बहिणींच्या कागदात हाच मजकूर असतो, त्याच्या संगणकात तयारच आहे, फक्त नावं बदलायची. प्रस्तावना म्हणजे ताटाभोवतीची रांगोळी, ती कुणी खात नाही. मी उभ्या नोकरीत सह्या केल्या, वरचं कधी वाचलं नाही. काही अडलं नाही.

भावकीत कुजबुज सुरू झाली आहे. काल पारावर शंभूराजकाकांनी सगळ्यांदेखत विचारलं, विजूला हिस्सा पायजे व्हय रं? मला खाली बघावं लागलं. आपल्यात बहीण हिस्सा मागत नाही, माहेर मागते. ते दार उघडं राहावं असं वाटत असेल तर मन मोठं कर आणि पंचवीसला ये.

लोभ आहे, पण त्याला ताण देऊ नकोस.

लालासाहेब


सातारा,
१८ फेब्रुवारी

चि. लालासाहेबास आशीर्वाद.

काकांना सांगायचं होतंस, विजूने काही मागितलेलं न्हाई, वाचलंय फक्त. खाली बघण्यासारखं त्यात काय होतं?

आमच्या वरच्या मजल्यावरची प्रांजल कायदा शिकते. तिला रांगोळीचं विचारलं. ती म्हणाली, वरचा मजकूर कुणाला हक्क देत नाही हे खरं, पण खालच्या अटीचा अर्थ लागेनासा झाला की कोर्ट वर बघतं. कोण, कशासाठी लिहून देतंय ते तिथेच कळतं. मग तिच्या धाकट्या भावाचं शाळेचं पुस्तक उघडलं. त्यात आधी देशाची उद्देशिका, मग धडे. एवढ्या मोठ्या देशाला आपण कशासाठी एकत्र आलो ते आधी सांगावं लागलं, आणि तुझ्या विहिरीजवळच्या तुकड्याला ते नको?

तू दुरुस्त करत नाहीस, म्हणून मीच लिहायला बसले. ज्याअर्थी आबांची सेवा त्यांच्या मुलीने केली. ज्याअर्थी विहीर त्यांच्या जावयाने, कै. नानासो यांनी, उभी केली. ज्याअर्थी भाऊ सीमेवर असताना बहिणीने ऊस तुटून जाईपर्यंत बांध सोडला नाही. ज्याअर्थी तिला लग्नात भांडी मिळाली, जमीन नाही. इथवर पेन सरळ चाललं. मग त्याअर्थी लिहिलं, आणि पुढे हक्क सोडते हे काही केल्या उतरेना. दोनदा वरून वाचून बघितलं. वर खरं लिहिलं की खाली हक्कसोड येतच नाही, वाटणी येते.

म्हणून हक्कसोडपत्रावर सही नाही. माझं नाव सातबाऱ्यावर राहील. विहिरीजवळचा तुकडा शिवतेजला राहू दे, बाग लावू दे. त्याच्या बागेला पाणी देताना मला आनंदच होईल. पण विहीर दोघांची, आणि वरच्या अंगाचं रान माझं. माहेराचं दार तुझ्या हातात आहे असं तुला वाटतं. लाव हवं तर. मी रानातल्या वाटेने येईन.

गुंडाभाऊकडून वाटणीपत्र करून घे. पहिलं पान सोबत जोडलंय. त्यातला शब्द हलवायचा नाही, ह्यांचं नाव तर मुळीच नाही.

लोभ ठेव. न ठेवलास तरी पंचवीसला मी पलूसला येते आहे.

अक्का