म्हातारीमागची घंटा

१६ सप्टेंबर १९९७, मंगळवार

आज गोल्फच्या मैदानात पाचव्या ग्रीनवर, भोकाभोवतीच्या कातरलेल्या हिरवळीवर, चक्क पालथा झोपलो. गाल गवताला लावून. जमिनीचा उतार उभं राहून कळत नाही, टेकल्यावर कळतो — हे पुस्तकातलं नाही, माझं स्वतःचं.

मागून लॅक्लन आला. 'टॉर्क्विल, मेलास की काय?'

म्हटलं, बघतोय.

'काय बघतोयस?'

पाणी कुठे जाईल ते.

'वर जाईल. तुझ्या डोक्यात.'

क्लबचा कॅप्टन झाल्यापासून याच्या जिभेला धार आलीय. जन्मभर माझ्याच बेकरीतला पाव खाल्ला, पण तोंड गोड झालं नाही!

कोट हिरवा झाला. क्रिसीपासून लपवायचा होता. तिला दारातूनच दिसला.

२ ऑक्टोबर, गुरुवार

फिरत्या वाचनालयाच्या गाडीतून तिसरं पुस्तक मिळालं. गोल्फची मैदानं कशी रचतात यावरचंच. रात्रीचं जेवण गार झालं तरी उठलो नाही.

जन्म गेला या मैदानावर खेळण्यात, आणि ते मी कधी पाहिलंच नव्हतं! बंकर म्हणजे वाळूचा खड्डा, पडला की शिव्या द्यायच्या, एवढंच ठाऊक. मेंढ्यांनी वाऱ्यापासून अंग चोरायला जिथे जिथे माती उकरली, तिथेच पुढे बंकर झाले, हे आता कळतंय. आणि ते बरोबर तिथेच आहेत, जिथे हावरट माणसाचा चेंडू पडतो. मेंढ्यांना माणसाची हाव कशी कळली असेल?

आज ओट्यावर सहाव्या होलचा नमुना मळला. मैदा, मीठ, पाणी. बेकरी विकली तरी हात विसरत नाहीत. क्रिसी म्हणाली, 'लोक निवृत्त झाले की गुलाब लावतात. माझा नवरा टेकड्या लाटतो!'

सहाव्यावरच मन अडकलंय. आडवी टेकडी, तिला सगळे 'म्हातारी' म्हणतात. ग्रीन तिच्या मागे लपलेलं. म्हातारीच्या डोक्यावरचा पांढरा दगड बघायचा आणि देवाचं नाव घेऊन आंधळा फटका मारायचा. पलीकडे ग्रीनवर कुणी असेल तर त्याचं डोकं फुटायचं. म्हणून तिथे खांबावर जुन्या बोटीची घंटा आहे. आपलं खेळून झालं की वाजवायची, मग मागच्यांनी मारायचं. आमच्या बापजाद्यांपासून असंच.

पुस्तक म्हणतं, खेळणाऱ्याकडून काय मागितलंय ते त्याला दिसायला हवं. न दिसणारा फटका म्हणजे अन्याय.

पटलं! मळलेल्या पिठातली म्हातारी सुरीने कापून टाकली. मागचं ग्रीन कसं उघडं पडलं. वा!

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

कमिटीची बैठक. मैदान सुधारायला बाहेरचा तज्ज्ञ बोलवायचा की नाही यावर भांडणं चालली होती. मी भाजलेला सहावा होल परातीतून नेला, टेबलावर ठेवला आणि बोलायला उभा राहिलो.

लॅक्लन म्हणाला, 'हे बघायचं की लोणी लावून खायचं?'

हसले सगळे. पण मग ऐकत राहिले! उतार, वारा, नजर, न्याय — काय काय बोललो. शाळा चौदाव्या वर्षी सोडलेला माणूस मी, आणि डॉक्टरसुद्धा मान डोलावत होते. ठराव मंजूर. म्हातारी काढायची. माझ्या आराखड्याप्रमाणे!

घरी उड्या मारतच आलो. क्रिसीने एकच विचारलं. 'बेथियाला विचारलंस? तिचं घर अगदी त्या ग्रीनला लागून आहे.'

म्हटलं, बेथियाकाकूंचा काय संबंध? त्या कुठे खेळतात?

क्रिसीने ताटं उचलली.

१० नोव्हेंबर, सोमवार

यंत्र आलं. म्हातारी दुपारच्या जेवणाआधीच गेली.

आत नुसती वाळू निघाली. काय वाटलं होतं मला, काय निघेल?

२२ डिसेंबर, सोमवार

नाताळचा मनुकांचा पाव घेऊन बेथियाकाकूंकडे गेलो. नव्वदी उलटली. डोळ्यांना आता उजेड तेवढा कळतो. मुलगे कॅनडात. नवरा जाऊन जमाना झाला. खिडकीपाशी खुर्ची, तीच त्यांची जागा.

पावावर हात फिरवून म्हणाल्या, 'ओळखला. कडा जरा जास्त भाजतोस तू, तुझ्या बापासारखा.' मग म्हणाल्या, 'धुराडं यंदा उलटा धूर टाकतंय बघ. कधी नव्हे ते.' म्हटलं, साफ करून देतो.

आणि मग — 'टॉर्क्विल, गावात साथ आहे का रे कसली? घंटा नाही ऐकू येत. खेळणं बंद झालं का?'

पावाचा चुरा बोटाने गोळा करत बसलो.

म्हटलं, थंडी आहे काकू. लोक कमी येतात.

'आणि ते यंत्र कसलं होतं, मागे?'

चर खणले, म्हटलं. पाणी साचतं ना.

'हं,' म्हणाल्या.

बाहत्तर वर्षांचा घोडा मी, दुसरीतल्या पोरासारखा खोटं बोललो. आणि वर त्यांनी जाताना माझ्या खिशात पेपरमिंट घातलं!

१४ मार्च १९९८, शनिवार

नव्या सहाव्यावर पहिली स्पर्धा. सकाळी नवा टाय लावून गेलो होतो.

काय लिहू? होल मेलाय. लोक येतात, समोर ग्रीन दिसतं, मारतात, चालू पडतात. कुणी थांबत नाही, कुणी वाद घालत नाही. आधी म्हातारीवर चढताना प्रत्येकाच्या पोटात गोळा असायचा — चेंडू कुठे असेल? भोकाशेजारी की गवतात? वर पोचल्यावर एक तर आरोळी, नाहीतर शिवी. तेवढ्या चढावरच तर सगळा खेळ होता! मी तो सुरीने कापला. अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालो आणि बापजाद्यांना न्याय शिकवायला निघालो.

वाराही आता पश्चिमेकडून थेट येतो. अडवायला कुणी नाही.

लॅक्लन मात्र खूश. 'टॉर्क्विल, पटापट खेळ होतो! आता अकराव्यावरचा मोठा बंकरही बुजवू या. तूच मळ बघू परातीत.'

म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो म्हणतात. मला तर दोन्हींचं आहे.

म्हटलं, अकराव्याला हात लावायचा तर माझ्यावरून यंत्र न्या. हसला. त्याला थट्टा वाटली.

१५ मार्च, रविवार

चर्चमध्ये मान वर केली नाही.

२८ एप्रिल, मंगळवार

बेथियाकाकूंचं धुराडं साफ केलं. काजळी काही विशेष नव्हती. तरी धूर खोलीतच येतो. कळेना.

चहा पिताना म्हणाल्या, 'कोकीळ आली, टॉर्क्विल. पण घंटा आली नाही.' मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. दिवसभर घंटेवरून त्यांना माणसं कळायची. लॅक्लन अशी वाजवतो की आग लागलीय. डॉक्टर एकदाच, हळू, रोग्याला उठवल्यासारखी. 'आणि तू वाजवायला विसरतोस. मागचे ओरडतात तेव्हा धावत परत येतोस.' हसता हसता त्यांना खोकला आला.

मी मैदानाच्या रचनेची पुस्तकं वाचली. उतार बघितले, वारा बघितला, वाळू बघितली. त्या ग्रीनला लागून एक खिडकी आहे आणि खिडकीत माणूस बसलंय, हे मात्र बघितलं नाही! परातीत ते घर मी मळलंच नव्हतं. जागा पुरली नाही म्हणून.

सांगणार होतो. जिभेवर आलं होतं. 'येतील काकू, आता लोक येतील,' असं म्हणून उठलो.

२९ एप्रिल, बुधवार

खांब आणि घंटा अजून तिथेच आहेत. 'राहू दे शोभेला,' असं लॅक्लन म्हणाला होता. सकाळी गेलो. आजूबाजूला कुणी नव्हतं. वाजवली.

वाजवली आणि काकूंच्या आवाराच्या भिंतीआडून वाकून पळालो! गुडघे अजून ठणकताहेत.

१४ मे, गुरुवार

रोज जातो. कधी लॅक्लनसारखी वाजवतो, कधी डॉक्टरांसारखी. क्रिसीला सांगतो, सहाव्याचा अभ्यास चाललाय. ती म्हणते, 'टेकडी गेल्यावर अभ्यास? वरातीमागून घोडं!'

बेथियाकाकूंकडे कामाला जाते ती एफी आज दुकानात भेटली. काकू कशा आहेत, असं सहज विचारल्यासारखं केलं.

'खुशीत आहेत हो. पण डोकं जरा हललंय असं वाटतं. घंटा वाजली की किटली ठेवायला लावतात, आणि टेबलावर दोन कप. दुसरा कुणाचा विचारलं तर नुसत्या हसतात. मला वाटतं, नवऱ्याचा.'

देवा, मी काय करतोय? एका आंधळ्या बाईला खोटी घंटा ऐकवून मेलेला माणूस घरात आणून बसवला!

थांबवावी तर आनंद जातो. वाजवावी तर डोकं जातं. आगीतून फुफाट्यात.

६ जून, शनिवार

धो धो पाऊस. गेलो. वाजवली. लॅक्लनने क्लबच्या खिडकीतून पाहिलं. संध्याकाळी सगळ्यांसमोर म्हणाला, 'टॉर्क्विल, कुणाला इशारा देतोस रे? समोर सगळं दिसतंय की. तूच तर दाखवलंस!'

सगळे हसले. मीही हसलो. खाई त्याला खवखवे.

पाऊस ओसरल्यावर पुन्हा गेलो होतो, वाजवून आलो. हे त्यांनी पाहिलं नाही.

२ जुलै, गुरुवार

हे लिहू नये असं वाटतंय.

सकाळी समुद्रावरून धुकं आलं होतं. मैदानावर चिटपाखरू नाही. म्हटलं, धुक्यामुळे असेल. सहाव्याच्या विचारात होतो — तिथे पुन्हा चढ कसा आणता येईल, वाळू कुठून आणायची. घंटेपाशी गेलो आणि आज लॅक्लनची पाळी म्हणून चांगली दणदणून वाजवली.

घरी आलो तर दाराला कुलूप. तासाभराने क्रिसी आली. काळा कोट, काळी टोपी, हातात बायबल. चेहराही तसाच.

'आज कुठला वार?'

गुरुवार, म्हटलं.

'कुठला गुरुवार, टॉर्क्विल?'

आणि पायाखालची जमीन गेली! प्रभुभोजनाच्या आठवड्यातला उपासाचा गुरुवार. मैदान बंद. दुकानं बंद. या गावात आज कुणी वाळत घातलेले कपडेसुद्धा काढत नाही, मग घंटा?

'चर्चमध्ये पाद्रीबाबा प्रार्थना सांगत होते. सगळे माना खाली घालून उभे. टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. आणि तुझी घंटा! थांबते म्हणशील तर नाही! पाद्रीबाबा गप्प झाले. लॅक्लनने माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं.'

मग सगळंच बोललो. काकू, चर, लॅक्लनची पाळी, डॉक्टरांची पाळी, दोन कप. क्रिसी टोपी हातात धरून ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, 'चर्चमधली माणसं विसरतील रे. पण बेथिया आयुष्यात हा गुरुवार चुकली नाही. आज कुणी खेळत नाही हे तिला सगळ्यांच्या आधी ठाऊक. तिला कळलं असणार.'

हो. कळलं असणार. जमीन पोटात घेईल तर बरं. पण तीही मी सपाट केलीय.

३ जुलै, शुक्रवार

काकूंच्या फाटकापर्यंत गेलो. धुराड्यातून धूर खाली लोळत होता, माझ्याच अंगावर येत होता. तिथेच डोक्यात उजेड पडला — वारा! म्हातारी होती तोवर पश्चिमेचा वारा तिच्यावरून जायचा. आता सरळ धुराड्यावर आदळतो. उताराची पुस्तकं वाचणाऱ्या मला इतके महिने हे दिसलं नाही, आणि मी ब्रश घालून काजळी शोधत होतो!

फाटकाला हात लावला. परत आलो.

आज घंटा नाही.

५ जुलै, रविवार

प्रभुभोजनाला बसलो नाही. मागच्या बाकावरून उठलो. उद्या जायचं. सगळं सांगायचं. मग त्यांनी तोंड फिरवलं तरी चालेल.

६ जुलै, सोमवार

गेलो नाही.

७ जुलै, मंगळवार

आत्ताच एफी दारात येऊन गेली. बेथियाकाकूंचा निरोप, त्यांच्याच शब्दांत:

'त्याला सांग, म्हातारी गेल्याचं धुराड्यानेच सांगितलं मला, नाताळाआधीच. आणि माणसं खेळून घंटा वाजवतात तेव्हा मागून हसू येतं, शिवी येते, बुटांचा आवाज येतो. याच्या घंटेमागे काहीच येत नाही. एप्रिलपासून रोज दुसरा कप मांडून बसते मी. घंटा वाजवून हा मेला परत का जातो?'

पाव भट्टीत टाकलाय. कडा कमी भाजतो.