पुलापर्यंतची तीन हजार चाळीस पावलं

युसूफ वडगाव,
मार्गशीर्ष, सोमवार सकाळ.

राजमान्य राजश्री बबनराव यांस,
ईश्वरप्पाचा शरणार्थ.

विनंती विशेष. आपली प्रकृती बरी असेल, गुडघे फार कुरकुर करत नसतील आणि आपली पांढरी गाय सुखरूप व्याली असेल, अशी आशा आहे. (गाय गाभण असल्याचं दूधवाल्याकडून कळलं. मी मुद्दाम विचारलं नव्हतं. तो सांगत होता आणि मी तिथून उठलो नाही, एवढंच.) इकडे सगळं ठीक. सौ. नीलाबाई ठीक. चि. संगमेश किराणा दुकान बघतो आणि मी दुकानात नसलो की ते जास्त चालतं, असं सगळे म्हणतात. माझी शुगर मात्र घरात कोणाचंच ऐकत नाही.

एकाच गावात राहून मी आपल्याला टपालाने पत्र पाठवतोय, याचं पोस्टमन सटवाला फार नवल वाटलं. परवा पाकीट घ्यायला गेलतो तर म्हणाला, "मालक, हितून हितंच कावून धाडता? द्या की मपल्याजवळ, जाता जाता टाकतो वस्तीवर." मी त्याला समजावलं की तीन वर्षं बोलणं बंद असलेल्या माणसाला लिहायचं तर तिकीट लावून, शिक्का बसवून, रीतसरच गेलं पाहिजे. म्हणजे हे पत्र आधी केजला जाईल, तिथून परत वडगावला येईल आणि मग आपल्या वस्तीवर. माझ्यापेक्षा पत्राचंच चालणं जास्त होणार आहे. (आणि इथून पुढे मी "आपण" लिहिणार नाही. साठ वर्षं ज्याला "बे बबन्या" म्हणून हाक मारली, त्याला "आपण" लिहिताना दर ओळीला हात अडखळतो. राग रागाच्या जागी राहू दे, मी तू लिहितो.)

तर झालं असं. चैत्रात मला अंबाजोगाईला मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर पोरगेलासाच होता. त्याने आधी कागद बघितला, मग माझं पोट बघितलं, मग विचारलं की काय करता. मी म्हणालो, दुकान. दुकानात काय करता? म्हणालो, बसतो. खरं तेच सांगितलं. तुला तर माझ्या दुकानाची रचना माहीत आहे. साखर डाव्या हाताला, चहापत्ती उजव्या हाताला, तेलाचा डबा पाठीमागे, आणि वर टांगलेली पुड्यांची माळ काढायला आकडा लावलेली काठी. गादीवरून न उठता पन्नास वर्षं गावाला जेवू घातलं, याचा मला अभिमान होता. (तूही एकदा कौतुक केलं होतंस, की ईश्वऱ्याला देवाने पाय फुकट दिले.) डॉक्टरला त्याचं काहीच कौतुक वाटलं नाही. रोज सहा हजार पावलं चाला, नाहीतर पुढच्या वेळेला पायाचंच बघावं लागेल, असं तो म्हणाला. मी मान डोलावली. सहा हजार म्हणजे किती, हे मला कळलं नव्हतं.

माझी नात शिवानी तिथंच नर्सिंगला आहे. तिने पावलं मोजायचं एक मशीन आणून दिलं. चुन्याच्या डबीएवढं, पांढरं, कमरेला अडकवायचं. प्रत्येक पावलाला आकडा एकाने वाढतो. बाजूला बटण आहे, ते दाबून धरलं की शून्य होतं. बाकी त्यात काही नाही. पहिल्या दिवशी ते मी लावलं आणि नेहमीसारखा गादीवर जाऊन बसलो. दुपारी जेवायला उठताना बघतो, तर आकडा तीन हजार नऊशे! मी घरापासून दुकानापर्यंत आलो होतो, एवढंच. संध्याकाळी सहा हजार दोनशे. मला वाटलं, माणूस दिवसभरात नकळत पुष्कळ चालतो आणि डॉक्टरांना हे ठाऊक नसतं. शिवानीला फोनवर आकडा सांगितला, ती लई खूश झाली. त्या आनंदात मी दोन जिलब्या खाल्ल्या. एकोणीस दिवस हे असंच चाललं. येणाऱ्या गिऱ्हाइकाला मी चालण्याचे फायदे सांगायला लागलो. बसल्या बसल्याच सांगायचो.

मग रक्त तपासलं तर शुगर वाढलेली. शिवानी सुट्टी काढून आली आणि दुकानात समोर स्टूल टाकून बसून राहिली. मी तूरडाळ तोलत होतो. तिने माझ्या कमरेकडे बघितलं, मग गुडघ्याकडे. माझा उजवा गुडघा हलतो, हे तुला सांगायला नको. शाळेत गुरुजींनी तो थांबावा म्हणून तुला माझ्या मांडीवर बसवलं होतं, आणि मग तूही हलत होतास. ते मशीन बिचारं गुडघ्याच्या प्रत्येक हलण्याला पाऊल समजून मोजत होतं. शिवानी एवढंच म्हणाली, "आजोबा, बसल्या जागी तुम्ही आतापर्यंत बीडला पोचलात की." नीलाबाई पदर तोंडाला लावून आत गेली. मी डाळ तोलत राहिलो, पण पावशेर जास्त गेली.

त्यानंतर हुकूम सुटला की मशीन गुडघ्यापासून लांब ठेवायचं आणि आंघोळीपासून निजेपर्यंत अंगावरून काढायचं नाही. आता माझ्या अंगावरून कधीच न उतरणारी वस्तू एकच, गळ्यातलं इष्टलिंग. म्हणून मी विचार करून ते मशीन त्याच दोऱ्यात, चांदीच्या डबीशेजारी ओवलं. माझ्या मनात काही वाईट नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी लिंगपूजेला बसलो तर तळहातावर दोघंही आले. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर सकाळी मला जरा धूसरच दिसतं. विभूती लावून झाली, बेल वाहून झाला, डोळे उघडून नीट बघतो तर बेलाचं पान मशीनवर, आणि प्रत्येक नमस्काराला आकडा वाढतोय. नीलाबाई दारात उभी होती. म्हणाली, "अहो, तुमी चालंनात तर देवाला कावून चालायला लावता?" मी देवाची क्षमा मागितली. मशीन परत कमरेला गेलं, पण डाव्या बाजूला, आणि बबन्या, मग मात्र मी खरंच चालायला लागलो.

चालायचं कुठं, हा प्रश्न होता. स्टँडकडे गेलं की दर दहा पावलांवर कोणीतरी चहाला बसवतो. देवळापर्यंत जाऊन यायला चारशे पावलंही होत नाहीत. राहिला तुझ्या वस्तीचा रस्ता. दुसरे रस्ते नव्हते असं नाही, पण माझे पाय तिकडंच वळले, हे मी आज कबूल करतो. माझ्या दारापासून ओढ्यावरच्या पुलापर्यंत तीन हजार चाळीस पावलं होतात. परत तेवढीच. मिळून सहा हजार ऐंशी. डॉक्टर खूश, शिवानी खूश, मशीनही खूश असावं. पुलावरून तुझं फाटक दिसतं, पत्र्याचं शेड दिसतं, आणि खुर्चीत बसलेला तू दिसतोस. पूर्वी तू रस्त्याकडे तोंड करून बसायचास. श्रावणापासून तू पाठ करून बसतोस.

आता जे लिहायचं ते लिहितो. तुला माहीत नाही, पण आपलं बोलणं बंद झाल्यावरही दोन्ही हिवाळ्यांत तुझ्या घरातून कडूवहिनी मला हुरडा आणून देत होत्या. फडक्यात बांधून, डोक्यावर घेऊन, एवढ्या लांबून चालत. दुकानाच्या पायरीवर टेकायच्या आणि म्हणायच्या, "भाऊजी, ह्यांला म्हाईत न्हाई, अन् तुमीबी सांगू नका." गेल्या हिवाळ्यात आल्या तेव्हा जास्त वेळ बसल्या. म्हणाल्या, "तुमी दोगंबी म्हातारे झाला. एकदा येऊन जावा की वस्तीवर. मी च्या टाकते." मी म्हणालो, वहिनी, पाय दुखतात, एवढ्या लांब चालवत नाही. त्यांनी विचारलं, "किती लांब हाय?" मी तागडीतली वजनं रचत बसलो. त्या उठल्या, फडकं झटकून त्याची घडी घातली आणि चालत गेल्या. त्यांचेही पाय दुखत होते, हे मला पाठमोरं बघताना दिसलं.

किती लांब आहे, हे मला या मशीनने नंतर सांगितलं. तोवर श्रावण आला आणि वहिनी गेल्या. मातीला यायला मी घरून निघालो होतो. धुतलेलं धोतर नेसून निघालो होतो. पुलावर आलो, तुझा पोरगा राम आणि चार माणसं फाटकापाशी दिसली, आणि माझे पाय तिथंच थांबले. मला वाटलं, रामने सगळ्यांसमोर परत पाठवलं तर? मी मागे फिरलो. संध्याकाळी नीलाबाई घरी आली तेव्हा तिला सांगितलं की जाऊन आलो. ती दिवसभर बायकांबरोबर तुझ्याच ओसरीवर होती, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. तिने पाणी दिलं, माझ्या कमरेच्या मशीनकडे बघितलं आणि आत निघून गेली. आजवर ती मला पुष्कळ बोलली आहे, पण त्या दिवसाइतकी लाज मला कधी वाटली नाही. दोनदा हुरडा खाल्ला आणि एकदा खांदा द्यायला गेलो नाही. रोज सकाळी त्या पुलावर मला हेच आठवतं आणि मी परत फिरतो.

आता त्या बॅनरचं. राम सरपंचपदाला उभा होता आणि समोरच्या पॅनलच्या बॅनरवर माझा फोटो छापून आला, "मार्गदर्शक" म्हणून. राम अकरा मतांनी पडला. मी तुला तेव्हा शपथेवर सांगितलं की फोटो त्यांनी न विचारता छापला. ते खोटं होतं. ते विचारायला आले होते. मीच आमच्या धाकट्या वीरेशच्या लग्नातला फेट्यातला फोटो काढून दिला. (त्या फोटोत मी बरा दिसतो, हे तूही लग्नात म्हणाला होतास.) आयुष्यभर मी गादीवर बसलो, बबन्या. दुकानाच्या पाटीपेक्षा मोठं माझं तोंड स्टँडवर लागलं, तेव्हा मी तीन वेळा कारण नसताना स्टँडवर जाऊन आलो. मशीन तेव्हा असतं तर चांगला आकडा आला असता. त्या फोटोपायी मी तुला गमावलं. माझं चुकलं. एवढं लिहायला तीन वर्षं लागली.

बाकी विशेष काही नाही. राम, सूनबाई आणि नातवंडांना आशीर्वाद. आपला लोभ होता, तो कुठं फार लांब गेला नसावा, ही विनंती.

तुझा,
ईश्वरप्पा

ता. क. : पाकिटात ते मशीन ठेवलं आहे, म्हणून पाकीट जाड लागेल. त्यावर जो आकडा दिसेल तो माझा नाही, टपालाच्या पोत्याने केजपर्यंत जाऊन येताना खाल्लेल्या गचक्यांचा आहे. बटण दाबून धरून शून्य कर. कमरेला लाव आणि तुझ्या फाटकापासून पुलापर्यंत किती पावलं होतात, तेवढं मोजून सांग. ती मोजायची राहिली आहेत. पत्र लिहिण्याचं खरं कारण हेच. मी रोज सकाळी ऊन पडेपर्यंत पुलाच्या कठड्यावर बसतो.

ता. क. दुसरा : आमच्या घरची पाचही मतं रामलाच पडली होती. माझंसुद्धा. बॅनरवर फोटो असलेल्या माणसाने हे सांगितलं असतं तर दोन्हीकडचा मार बसला असता, म्हणून गप्प राहिलो.

ता. क. तिसरा : नीलाबाईने चष्मा लावून सगळं पत्र वाचलं आणि म्हणाली, "येवढं लिवण्यात दोनदा जाऊन आला असता." तिचं बरोबर आहे. शिवाय मशीन पाकिटात गेल्यामुळे एक अडचण झाली आहे. पुलावर सहा हजारांचा हिशोब बसतो म्हणून तिथून परत फिरतो, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलो. उद्यापासून तेही सांगता येणार नाही. तर फाटकाची कडी काढून ठेव आणि चहात साखर घालू नको. या पत्राच्या आधी मीच पोचलो, तर नंतर सटवाकडून पाकीट घे, पण माझ्यासमोर वाचू नको.